कोकण किनाऱ्याची पायवाट: आखावी की राखावी?

कोकणचा किनारा डोंगर आणि पुळण यांनी आळीपाळीने बनलेला आहे. सह्याद्रीकडून पश्चिमेला उतरत आलेल्या सोंडा थेट समुद्रात घुसतात. दोन सोंडांच्या मधल्या बाकात वाळू साचते आणि थोड्या थोड्या अंतरावर एखादी नदी खाडी होऊन समुद्राला मिळते. महाराष्ट्राचा किनारा वर्षानुवर्षे सुमारे ७२० किलोमीटर लांब मानला जात आला. त्यातला रेवदंड्याच्या खाडीपासून तेरेखोलपर्यंतचा भाग चालणाऱ्याला सर्वांत जास्त चढउताराचा लागतो. या सोंडांचा पाया बहुतेक ठिकाणी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टचा आणि माथा जांभ्याचा. लाटा खालचा काळा दगड झिजवतात, आधार सुटलेल्या जांभ्याचे ठोकळे खाली कोसळतात आणि कडा उभाच राहतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे याहूनही जुने खडक उघडे पडलेले दिसतात.

या किनाऱ्याने सलग चालत जाण्यासाठी आखलेली, खुणा केलेली वाट असावी की नाही, याबद्दल दोन मते आहेत. पुढच्या संवादात पहिले मत मांडणारा पदयात्री आहे. त्याला सह्याद्रीच्या घाटवाटांची सवय आहे. दुसरे मत किनाऱ्यालगत आंब्याची कलमे आणि नारळी-पोफळीचे आगर राखणाऱ्या बागायतदाराचे आहे.

पदयात्री: काका, इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर हजार किलोमीटरहून लांब पायवाट आहे. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला तटरक्षक कड्याच्या कडेने गस्त घालायचे. त्यांच्याच वाटा पुढे जोडून घेतल्या. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्याला जकातीच्या शिपायांच्या वाटा आहेत. तिथे १९७६ च्या कायद्याने समुद्रालगतच्या खासगी जमिनीतूनही तीन मीटरचा पट्टा चालणाऱ्यांना मोकळा केला. आपल्याकडे तर गावोगाव पाखाड्या आहेत. त्या जोडायला अडचण कसली?

बागायतदार: पाखाड्या आहेत, पण त्या किनाऱ्याला धरून जात नाहीत. घरातून समुद्राकडे, घरातून देवळाकडे, घरातून माथ्यावरच्या सड्यावर आणि सड्यावरून पलीकडच्या गावात, अशा त्या आडव्या जातात. गलबतं आणि पुढं बोटी होत्या, तेव्हा लांबचा प्रवास पाण्यावरून व्हायचा. हर्णैहून जयगडला जायला किनाऱ्याकिनाऱ्यानं कोण चालत जाईल? तुम्ही जोडायचं म्हणता ती उभी रेघ इथं कधी नव्हती.

या उत्तराला भूगोलाचा आधार आहे. ब्रिटनी किंवा कॉर्नवॉलमधली वाट पहाऱ्यासाठी जन्मली, म्हणून ती समुद्रावर नजर राहील अशीच कड्याच्या कडेने गेली. कोकणातली वाट कामासाठी जन्मली. आगरातून वर कातळावर गुरे न्यायची, पावसाळी भात लावायचे, गवत-फाटी आणायची, मासळीचा बाजार गाठायचा. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यांसारखी बांधलेली वाट. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये चार माणसांना पालखी नेता येईल एवढी रुंदी. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते, तेव्हा तिच्या मार्गावरची झाडी तोडली जाते आणि निसटलेले चिरे बसवले जातात. कोकणातल्या अनेक जुन्या वाटा आजही उघड्या आहेत त्या या वार्षिक वहिवाटीमुळे. पालखीचा मार्ग डांबरी रस्त्यावर गेला की मागची पाखाडी काही पावसाळ्यांत घाणेरी आणि रानमोडीखाली दडते.

म्हणजे किनाऱ्याने सलग चालायचे तर आडव्या वाटांचे तुकडे उभ्या दुव्यांनी जोडावे लागतात. हे दुवे चार प्रकारचे आहेत: ओहोटीचा खडक, खाडीवरची तर, माथ्यावरचा सडा आणि खासगी बाग. प्रत्येकाचा नियम वेगळा आहे, आणि दोन्ही पक्षांमधला खरा वाद याच जोडण्यांवर आहे.

पहिला दुवा ओहोटीचा. दोन पुळणींच्या मधली सोंड पायथ्याने ओलांडायची तर लाटांनी कापलेल्या सपाट खडकावरून जावे लागते, आणि तो खडक दिवसातले काही तासच उघडा असतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा हे याचे सर्वांत माहितीचे उदाहरण आहे. देवळामागून चढून गेलेली वाट दोन कातळांच्या फटीतून पायऱ्यांनी खाली उतरते. खाली लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने जाळीसारख्या पोखरलेल्या खडकावरून चालत देवळाकडे परत यायचे. भरतीच्या वेळी हाच टप्पा पाण्याखाली जातो. हेदवीच्या बामणघळीत भरतीची लाट अरुंद चिरेतून उसळून वर फेकली जाते. तिथे कधी आणि कुठे उभे राहायचे, हे गावातल्या मुलांना ठाऊक असते. बाहेरून आलेल्याला नसते.

पदयात्री: म्हणूनच फलक हवेत. वाट कुठं सुरू होते, कुठं संपते, भरतीला कुठं जायचं नाही, हे लिहिलेलं असलं तर जीव वाचतील.

बागायतदार: फलक एका जागी उभा राहतो, भरती रोज सरकते. आज सकाळी नऊला मोकळा असलेला खडक आठ दिवसांनी त्याच वेळी पाण्यात असतो. फलकावर वेळ कोणती लिहिणार?

पदयात्री: तिथी लिहू. तुमचे खलाशी तोच हिशेब करतात ना?

तो हिशेब किनाऱ्यावर सर्रास वापरला जातो. तिथीच्या आकड्याला पाऊण पट करायचे; येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आत-बाहेर पूर्ण ओहोटी येते, आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. गणित अगदी अचूक नाही. मुंबईला ते बरे जुळते; दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेच लागतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते. तेव्हा भरती फार वर चढते आणि ओहोटीही तितकीच खाली जाते. अष्टमीच्या सुमाराच्या भांगात हा फरक कमी असतो. मुंबईजवळ उधाणाचा चढउतार चार-पाच मीटरपर्यंत जातो; मालवणकडे तो साधारण निम्म्यावर येतो. त्यामुळे उधाणाच्या दिवशी ओहोटीला खडक सर्वांत लांबवर उघडा होतो आणि चालणाऱ्याला मोह पडतो. त्याच दिवशी परतीचे पाणी सर्वांत वेगाने आणि सर्वांत वर येते. खडकावरची कालवे धारदार असतात, पाय घसरला तर तळवा किंवा हात कापला जातो. शेवाळावर बुटाचा तळही धरत नाही. खडकाच्या मधोमध असताना पाणी चढू लागले तर मागच्या बाजूला वर चढायला उभा कडा असतो आणि त्याचा जांभा हाताशी सुटून येतो. या दुव्याबाबत बागायतदाराचे म्हणणे अधिक वजनदार आहे. ओहोटीचा टप्पा नकाशावर ‘वाट’ म्हणून काढला की वाचणारा तो कायमचा मार्ग समजतो. नकाशात तो काढायचाच असेल तर सड्यावरून जाणारी पर्यायी वाट मुख्य म्हणून आणि खडकाची वाट तिच्या शेजारी अटीसह दाखवावी लागेल.

दुसरा दुवा खाड्यांचा. कुंडलिका, सावित्री, जोग, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, गड, कर्ली आणि तेरेखोल या नद्यांची मुखे किनाऱ्याने जाणाऱ्याला ओलांडावी लागतात. पूर्वी प्रत्येक मुखाशी तर असे, म्हणजे माणसे पलीकडे पोचवणारी होडी. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड इथे गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटी सुरू झाल्या आणि चालणाऱ्याची सोय टिकली. जिथे खाडीवर पूल झाला तिथे बहुतेक वेळा छोटी तर बंद पडली. पूल रस्त्याच्या सोयीचा असतो, अनेकदा मुखापासून आत असतो. पुळणीवरून आलेल्या माणसाला तेवढे आत जाऊन पुन्हा बाहेर यावे लागते. देवबागच्या टोकावर उभे राहिले की कर्लीच्या पलीकडे भोगवे स्पष्ट दिसते, होडीने जायला थोडा वेळ पुरतो. रस्त्याचा वळसा मात्र कितीतरी मोठा आहे.

बागायतदार: रेवस ते रेड्डी सागरी रस्त्याचे मोठे पूल पूर्ण झाले की उरलेल्या तरीही जातील. तुम्हाला वाट आखायची असेल तर आधी तरीवाल्याला जगवा. त्याच्याशिवाय तुमची वाट दर दहा कोसांवर तुटते.

पदयात्री: हे मान्य. पण त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? गावातला माणूस दुचाकीनं पुलावरून जातो. चालणारे आले तरच तरीला हंगामात चार पैसे मिळतील.

इथे पदयात्रीची बाजू बळकट आहे. तर ही वापराने जगणारी सोय आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि खवळलेल्या मुखातून होडी घालता येत नाही, म्हणून वर्षातले आठ-नऊ महिनेच तिच्या हाती असतात. तेवढ्यात पुरेसे प्रवासी मिळाले नाहीत तर ती होडी मुरुमाच्या धक्क्यावर कायमची उलटी पडते. आखलेल्या वाटेचा गावातला सर्वांत थेट फायदा कदाचित याच एका धंद्याला होईल.

तिसरा दुवा सड्याचा, आणि चालणाऱ्यासाठी तो सर्वांत मोठा आहे. पुळण संपली की घाटीने दीडशे-दोनशे फूट चढायचे, वर जांभ्याचे उघडे पठार लागते. त्यालाच सडा म्हणतात. झाडझाडोरा नसलेला काळपट भाग म्हणजे कातळ. उन्हाळ्यात तो तापलेला आणि ओसाड वाटतो, पण गावाचे पाणी इथेच भरते. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून मुरत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जाते. तिथे त्याला अडसर मिळतो आणि ते उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. आगरातल्या विहिरींना मे महिन्यातही पाणी राहते ते या साठ्यामुळे. पहिल्या पावसानंतर कातळावरच्या पातळ मातीत दीपकाडीची पांढरी फुले येतात. ही वनस्पती कोकणच्या सड्यांखेरीज फारशी कुठे आढळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे पसरतात. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे, निकृष्ट मातीतली उणीव ती लहान जीव पकडून भरून काढते.

याच कातळावर कातळशिल्पे आहेत. माणसे, हत्ती, वाघ, मासे, भौमितिक आकृत्या जांभ्यात कोरून काढलेल्या. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसाईमाळ या नऊ ठिकाणांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. अनेक चित्रे जमिनीशी समतल आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून चालत जाणाऱ्याला ती दिसतही नाहीत.

पदयात्री: सड्यावरची वाट नीट आखली नाही तर लोक चित्रांवरूनच जातील. गाड्या तर आत्ताच जातात. वाट ठरलेली असली की बाकीचा कातळ वाचतो.

बागायतदार: आणि वाट आखायला रंगाचे बाण मारतील, तेही कातळावरच. रंग निघत नाही. पर्यटकाच्या पायांपेक्षा मला चिरेखाणीची भीती जास्त आहे, हे कबूल करतो. अख्खा सडा चिरे कापून नेतात, तिथं चित्रही जातं आणि झराही. पण त्यात अजून एका रंगाची भर कशाला?

हा युक्तिवाद नेमका आहे. सह्याद्रीत खडकावर रंगाचे बाण सर्रास मारले जातात आणि धुक्यात ते उपयोगी पडतात. सड्यावर ती पद्धत आणू नये. तिथे दिशा कळायला पुष्कळ खुणा आहेत: एका बाजूला समुद्र, पुढच्या पुळणीवरची माडांची रांग, देवळाचा कळस, दीपगृह. वाट दाखवायची तर गडग्याच्या बेड्यावर, म्हणजे फाटकावर, छोटी पाटी पुरे, उघड्या कातळावर काहीही नको. वाट आणि चित्र यांच्यात अंतर राहील असे मार्ग ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व विभागाला मिळून ठरवता येतील.

सड्यालगत जंगल फारसे उरलेले नाही, पण जे आहे ते महत्त्वाचे आहे. मुरूड आणि रोहा तालुक्यांतले फणसाड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. ते सुमारे सत्तर चौरस किलोमीटर आहे. पूर्वी हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचे शिकारीचे रान होते, म्हणून तोडीपासून वाचले. तिथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. शेकरू, बिबट्या आणि पावसाळी वेलींनी भरलेला हा पट्टा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. अभयारण्यातली वाट वनविभागाच्या परवानगीने आणि ठरलेल्या मार्गानेच चालायची असते. त्यावर दोन्ही पक्षांत मतभेद नाहीत. रत्नागिरी जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे सरकारी वन फारच थोडे, बहुतेक झाडी खासगी मालकीची. देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, सोडली तर कुठलेही रान ठरावीक वर्षांनी तोडीला येते. जुन्या उंच झाडावर काकण, म्हणजे समुद्री गरुड, वर्षानुवर्षे तेच घरटे वाढवत राहतो. अशा झाडाजवळून वाट नेली तर विणीच्या काळात ती बंद ठेवावी लागते. पुळणीवर हीच काळजी कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात रात्री अंडी घालायला येतात आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडून उजेडाच्या दिशेने, म्हणजे समुद्राकडे जातात. विजेरीच्या झोताने ती भरकटतात. वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांबरोबर घरटी राखली. पुढे पाहुणे आले ते घराघरांत उतरले, हॉटेले उभी राहिली नाहीत.

पदयात्री: वेळास हाच माझा पुरावा आहे. माणसं आली, गावाला मिळकत झाली, कासवंही टिकली.

बागायतदार: तिथं लोक एका जागी, ठरलेल्या वेळी, गावकऱ्याच्या मागून जातात. तुमच्या वाटेवर कोण कोणाच्या मागून जाणार? इटलीत चिंक्वे तेरेच्या किनारी वाटेवर इतकी गर्दी झाली की चालायला तिकीट लावावं लागलं. दरड पडून तिथला प्रसिद्ध तुकडा २०१२ ते २०२४ बंद होता. जांभ्याचा कडा त्याहून कच्चा.

चौथा दुवा खासगी जमिनीचा, आणि तोच सर्वांत नाजूक. हापूसच्या बागेत मोहोर धरल्यापासून फळ उतरेपर्यंत राखणदार असतो. अनोळखी माणूस गडगा ओलांडून आला की तो चोर ठरतो. भरतीरेषेखालची वाळू सरकारची, पण वाळूपर्यंत जायची वाट बहुधा कोणाच्या तरी आगरातून असते. गावनकाशात पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेला असतो. कित्येक पाखाड्या मात्र त्यात नाहीतच. सुविधाधिकाराच्या १८८२ च्या कायद्यानुसार वीस वर्षे उघडपणे, अडथळ्याविना वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदाराकडे दाद मागता येते. याशिवाय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज या नोंदवहीची तरतूद आहे. सरकारच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीतून जाण्याचे, पाणी आणि मासेमारीचे जे हक्क गावात रूढ आहेत, ते तिच्यात लिहिता येतात.

पदयात्री: मग ही नोंदवही भरून घेऊ. बाण नको, पेव्हर ब्लॉक नको, रेलिंग नको. गावनकाशावर फक्त रेघ येऊ दे.

बागायतदार: रेघ यायला हरकत नाही, पण ती गावाच्या वापराची म्हणून यावी. आज जमीन विकली जाते, नवा मालक तारेचं कुंपण घालतो आणि म्हातारीला देवळाला जायला दोन किलोमीटरचा फेरा पडतो. हक्क आधी तिच्या नावानं लागू दे. तुम्ही तिच्या मागून चाला.

पदयात्री: आणि आंब्याच्या दिवसांत?

बागायतदार: फेब्रुवारीपासून मेपर्यंत बागेची वाट मिटलेली, सड्याची उघडी. पावसात खडकाची वाट मिटलेली, पाखाडी उघडी. नोंदीतच तसं लिहायचं.

पदयात्री: मिटलेल्या महिन्यांत कोणी बेडं उघडून आत आला तर?

बागायतदार: तर दंड ग्रामपंचायतीनं घ्यावा आणि त्यातून पाखाडीचे चिरे बसवावेत. दर चार महिन्यांनी कुठलं तरी खातं येऊन सिमेंट ओतून जाणार असेल, तर मात्र माझी सही त्या नोंदीवर नाही.

पदयात्री: सिमेंटवर माझीही नाही. पण एका गावानं नोंद केली आणि शेजारच्यानं नाही, तर वाट सोंडेच्या माथ्यावर संपेल.

बागायतदार: संपू दे. तिथून खाली उतरून तरीवाल्याला हाक मारता येते, आणि तर नसेल तर हमरस्ता आहे. पहिलं गाव कसं चाललंय ते बघून दुसरं गाव येईल.